फाहियानने पाहिलेले सिंहलद्वीप

श्रीलंकेच्या धम्मयात्रेहून परतलेले उपासक-उपासिका भेटावयास येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात काही गोष्टी हमखास येतात. विमानातून उतरताच अंगाला लागलेली दमट, उबदार हवा. जिकडेतिकडे माडांची दाटी. पौर्णिमेच्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून विहाराकडे निघालेली सबंध कुटुंबे. रस्त्याच्या वळणावळणावर बुद्धमूर्ती. आणि अनुराधपूरचा महाबोधिवृक्ष. ज्यांनी आपल्या गावात विहारासाठी चार हात जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षे खेटे घातले, त्यांचे मन असा देश पाहून भरून यावे यात नवल ते काय? "तेथे सर्वत्र धम्मच आहे," असे ते सांगतात. त्यांच्या भावनेविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला भावनेपाशी थांबून चालत नाही. परक्या देशात पाऊल ठेवताच जे दिसते ते किती खरे असते आणि किती अपुरे असते, हा प्रश्न त्याला विचारावाच लागतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास एक उत्तम साधन उपलब्ध आहे. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी एक चिनी भिक्खू याच बेटावर उतरला. तेथील हवा, झाडे, रत्ने, विहार, रस्ते आणि माणसे यांविषयी त्याला जे वाटले ते त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात नोंदवून ठेवले. त्याचे नाव फाहियान. प्रस्तुत लेखात त्याच्या सिंहलद्वीपदर्शनाचा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रवासाचा हेतू

फाहियान हा देशोदेशी हिंडण्याच्या हौसेने निघालेला प्रवासी नव्हता. चीनमध्ये त्या काळी विनयपिटकाच्या प्रती अपुऱ्या व खंडित होत्या. संघ वाढत होता, परंतु संघाने कोणत्या नियमांनी चालावे याची संपूर्ण संहिता हाताशी नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी इ. स. ३९९ मध्ये तो काही सहकारी भिक्खूंसह चांगआन नगरीतून बाहेर पडला. त्या वेळी त्याचे वय साठीच्या आसपास असावे असे मानले जाते. वाळवंट तुडवीत, हिमाच्छादित पर्वत ओलांडीत तो उत्तर भारतात आला. तेथे त्याला आढळून आले की, विनय मुखोद्गत परंपरेने शिकविला जातो. लिहून घ्यावा असा ग्रंथ मिळत नाही. म्हणून तो पुढे पाटलिपुत्रास गेला. तेथे त्याला महासांघिकांचा विनय मिळाला. तीन वर्षे राहून त्याने संस्कृत भाषेचा अभ्यास केला आणि ग्रंथ स्वहस्ते उतरवून घेतले.

दरम्यान त्याचे सोबती एकेक करून दूर झाले होते. काही वाटेतूनच परतले. एकाने हिमपर्वतावरील थंडीत गारठून प्राण सोडला. अखेरपर्यंत बरोबर असलेल्या ताओ-चेंगने मध्यदेशातील भिक्खूंची शिस्त पाहून तेथेच कायमचे राहण्याचा निश्चय केला. फाहियानला मात्र विनय आपल्या देशात न्यायचा होता. तो एकटाच गंगेच्या प्रवाहाबरोबर चंपानगरीवरून ताम्रलिप्तीस आला. आज पश्चिम बंगालमध्ये तमलुक म्हणून ओळखले जाणारे ते हेच प्राचीन बंदर. येथे दोन वर्षे राहून त्याने सूत्रे उतरविली व मूर्तींची चित्रे काढली. त्यानंतर एका मोठ्या व्यापारी जहाजातून तो नैर्ऋत्येकडे निघाला. हिवाळ्याचे आरंभीचे दिवस होते आणि वारा अनुकूल होता. या ऋतूत बंगालच्या उपसागरावर ईशान्येकडून वारे वाहतात. जहाजांचे वेळापत्रक त्या काळी हे वारेच ठरवीत असत. चौदा दिवस व चौदा रात्री प्रवास करून जहाज सिंहलद्वीपास लागले. तो काळ इ. स. ४१० च्या सुमाराचा.

बारमाही हिरवा देश

आपल्या वृत्तांतात फाहियान प्रथम या देशाची रूपरेषा देतो. हा देश एका मोठ्या बेटावर वसलेला असून त्याच्या सभोवती शंभराच्या आसपास लहान बेटे आहेत. समुद्रातून मोती निघतात, भूमीतून रत्ने निघतात. मौल्यवान मणी सापडणाऱ्या प्रदेशावर राजाचा पहारा असून दहा मणी सापडले तर तीन राजा घेतो. यानंतर तो हवामानाकडे वळतो. येथे हिवाळा आणि उन्हाळा यांत भेद नाही. झाडेझुडपे सदैव टवटवीत असतात. शेतीला ठरावीक हंगाम नाही. लोक आपल्या इच्छेनुसार पेरणी करतात.

चांगआनच्या कडक हिवाळ्यात वाढलेल्या आणि हिमपर्वतावर सोबत्याचा मृत्यू पाहिलेल्या माणसाला या उबदार बेटाने किती दिलासा दिला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. त्याचे निरीक्षण खोटे नाही. विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे या बेटावर वर्षभर तापमानात फारसा फरक पडत नाही. परंतु ज्या अनुराधपुरात तो राहिला तो बेटाचा कोरडा भाग आहे. तेथील बहुतांश पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर, म्हणजे फाहियानचे जहाज ज्या वाऱ्याने आले त्याच वाऱ्याबरोबर, हिवाळ्यात पडतो. तो आला तेव्हा ती भूमी तिच्या सर्वांत हिरव्या रूपात होती. उरलेल्या महिन्यांत ती हिरवी राही ती माणसांच्या श्रमामुळे. अनुराधपूरच्या भोवती अभय वाव, तिस्सा वाव, नुवर वाव असे विस्तीर्ण तलाव प्राचीन राजांच्या काळात बांधले गेले. सिंहली भाषेत 'वाव' म्हणजे तलाव. पावसाचे पाणी बांध घालून अडवावयाचे, पाटांनी शेतात न्यावयाचे आणि पाऊस नसतानाही भात पिकवावयाचा, ही त्या संस्कृतीची खरी किमया होती. फाहियानला पीक दिसले, पण बांधावर माती टाकणारे हात दिसले नाहीत. पहिल्या नजरेचा हा स्वभावच आहे. ती फळ पाहते, श्रम पाहत नाही.

बेटाच्या आकाराविषयीही तिने त्याला चकविले आहे. बेट पूर्व-पश्चिम ५० योजने आणि दक्षिणोत्तर ३० योजने असल्याचे तो लिहितो. वस्तुतः ते दक्षिणोत्तर सुमारे ४३० किलोमीटर लांब असून पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे २२५ किलोमीटर आहे. म्हणजे लांबीच्या जागी रुंदी आणि रुंदीच्या जागी लांबी गेली. यात त्याला दोष देण्याचे कारण नाही. ज्याने बेटाचा फेरफटका केला नाही, त्याने ऐकीव माहिती लिहिली, एवढाच याचा अर्थ. मात्र डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले एकाच पानावर शेजारी-शेजारी बसते, हे वाचकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

प्राचीन काळी येथे माणसे नव्हती, केवळ यक्ष व नाग राहत, आणि व्यापारी त्यांच्याशी व्यापार करीत, अशीही एक कथा तो देतो. मालाचे मालक समोर येत नसत. वस्तू मांडून ठेवलेल्या असत, त्यांवर किंमत दर्शविलेली असे आणि व्यापारी ती किंमत ठेवून माल घेऊन जात. नागांकडे पाहण्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची दृष्टी ज्यांना परिचित आहे, त्यांना या कथेचा अर्थ लावणे अवघड जाऊ नये. नाग हे साप नव्हेत, ती माणसे होती, असे बाबासाहेबांनी आग्रहाने मांडले. किंमत ठरविणारे आणि व्यवहारात प्रामाणिक राहणारे हे अदृश्य मालक माणसेच असली पाहिजेत. आधीपासून राहत आलेल्या माणसांना यक्ष वा राक्षस ठरवून त्यांची भूमी निर्मनुष्य होती असे सांगावयाचे, ही रीत भारताच्या इतिहासातही आपल्या ओळखीची आहे.

पांढरा रेशमी पंखा

राजधानीच्या उत्तरेस अभयगिरी विहार होता. फाहियानच्या म्हणण्याप्रमाणे तेथे ५,००० भिक्खू राहत. सोन्याचांदीने व रत्नांनी सजविलेल्या प्रासादात हिरवट मौल्यवान पाषाणाची, दोन पुरुषांहून उंच अशी बुद्धमूर्ती होती. या मूर्तीजवळ घडलेला एक प्रसंग त्याने नोंदविला आहे.

स्वदेश सोडून त्याला बरीच वर्षे झाली होती. ज्यांच्याशी बोलावयाचे ते सर्व परके. डोंगर, नद्या, झाडे, वनस्पती यांपैकी काहीही ओळखीचे नाही. सोबत निघालेल्यांपैकी कोणी मरण पावले, कोणी मागे राहिले. स्वतःच्या सावलीखेरीज बरोबर कोणी उरले नव्हते. अशा मनःस्थितीत एके दिवशी त्याला दिसले की, एक व्यापारी बुद्धमूर्तीपुढे चीनमध्ये बनविलेला पांढरा रेशमी पंखा अर्पण करीत आहे. तो पंखा पाहताच त्याच्या डोळ्यांतून नकळत अश्रू वाहू लागले.

संपूर्ण वृत्तांतात स्वतःच्या दुःखाविषयी इतके उघडपणे लिहिल्याची स्थळे फार थोडी आहेत. या प्रसंगाला इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. चिनी बनावटीची वस्तू त्या काळी सिंहलद्वीपात पोहोचत होती आणि ती बुद्धचरणी अर्पण केली जात होती, याचा हा लेखी पुरावा आहे. परंतु आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या देशाची समृद्धी त्याने इतक्या आनंदाने वर्णिली, त्याच देशात तो एकटा होता. उबदार हवा आणि हिरवी झाडे माणसाला घर देत नाहीत. परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाचे मन कशाने हलेल हे सांगता येत नाही. कधी त्याला हातभर पंखाही पुरतो. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर देशी राहणाऱ्या आमच्या तरुणांना याचा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही.

याच नगरात त्याने महाबोधिवृक्ष पाहिला. सम्राट अशोकाच्या काळी थेरी संघमित्रेने बुद्धगयेहून आणलेल्या शाखेपासून वाढलेला हा वृक्ष. तो आग्नेयेकडे कलला होता. पडेल या भीतीने राजाने त्याला खांबाचा टेकू दिला. जेथे वृक्ष खांबावर टेकला होता तेथे त्याला नवा फुटवा आला, तो खांबातून खाली उतरला आणि जमिनीत त्याने मूळ धरले. खांब दुभंगला, तरी तो काढला गेला नाही. वृक्षाखाली विहार होता आणि लोक तेथे अखंडपणे वंदनेस येत होते. मध्यदेशात ज्याचे मूळ, तो वृक्ष परक्या भूमीत परक्या खांबाच्या आधाराने कसा रुजला, हे फाहियानने बारकाईने पाहून ठेवले आहे. स्वतः धम्मग्रंथांचे रोप परदेशी नेऊ इच्छिणाऱ्या माणसाची नजर तेथे खिळली असल्यास नवल नाही.

चव्हाट्यावरील धम्मसभागृहे

नगराविषयी तो लिहितो की, येथे गृहपती, श्रेष्ठी आणि सार्थवाह व्यापारी यांची सुंदर घरे आहेत. गल्ल्या व रस्ते सपाट असून नीट राखलेले आहेत. चार रस्ते जेथे मिळतात तेथे धम्मदेशनेसाठी सभागृहे बांधली आहेत. महिन्याच्या अष्टमीस, चतुर्दशीस व पौर्णिमेस तेथे उच्चासन मांडले जाते आणि भिक्खू व गृहस्थ असे सर्वजण धम्मश्रवणासाठी जमतात.

धम्म येथे डोंगरातील लेण्यांत वा राजप्रासादात कोंडलेला नाही. तो चव्हाट्यावर आहे, वाटसरूला थांबून ऐकता येईल अशा ठिकाणी आहे. आमच्या मते फाहियानच्या सर्व निरीक्षणांत हे सर्वांत मोलाचे आहे. विहार म्हणजे केवळ मूर्ती ठेवण्याची जागा नव्हे, ते लोकशिक्षणाचे केंद्र होय, ही गोष्ट आज आपण पुन्हापुन्हा सांगतो. तिचे जुने उदाहरण येथे आहे.

दंतधातूच्या मिरवणुकीचेही त्याने सविस्तर वर्णन केले आहे. दहा दिवस आधी हत्तीवरून दवंडी दिली जाई. रस्त्याच्या दुतर्फा बोधिसत्त्वाच्या पाचशे जन्मांची रंगीत दृश्ये उभारली जात. दंतधातू अभयगिरी विहारात नेऊन तेथे नव्वद दिवस पूजेसाठी ठेवला जाई. हा सारा सोहळा पाहूनही फाहियान आपले काम विसरला नाही. एके ठिकाणी भारतातून आलेला एक भिक्खू उच्चासनावरून बुद्धाच्या भिक्षापात्राविषयी काही सांगत होता. फाहियानने ते लिहून घेण्याची इच्छा प्रकट केली. तेव्हा, हे सूत्र नसून आपण केवळ तोंडी ऐकलेले सांगत आहोत, असा खुलासा त्या भिक्खूने केला आणि फाहियानने तो खुलासाही प्रामाणिकपणे नोंदविला. दोन वर्षांच्या वास्तव्यात त्याने महीशासकांचा विनय, दीर्घागम, संयुक्तागम आणि आणखी एक संग्रहग्रंथ मिळविला. चीनमध्ये तोवर हे ग्रंथ नव्हते. पंख्याने डोळ्यांत पाणी आणले, तरी हात लिहीतच राहिला.

पहिल्या नजरेची मोठी चूक

येथवर फाहियानच्या किरकोळ चुका आम्ही दाखविल्या. आता एक मोठी चूक पाहू. तो लिहितो की, या देशात राज्यव्यवस्था सुरू झाल्यापासून दुष्काळ, टंचाई, बंड वा अराजक कधी झालेले नाही.

सिंहलद्वीपाचा स्वतःचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात राजा वट्टगामणी अभय याला दक्षिण भारतातून आलेल्या आक्रमकांपुढे राजधानी सोडून पळावे लागले. सुमारे चौदा वर्षे तो रानावनांत लपून राहिला. त्याच सुमारास देशात भीषण दुष्काळ पडला. भिक्खू कंदमुळांवर व झाडपाल्यावर जगले, कित्येक उपासमारीने मेले, मोठमोठे विहार ओस पडले. ही हकीकत पाली अट्ठकथांच्या परंपरेने जपून ठेवली आहे. मुखोद्गत असलेला त्रिपिटक भिक्खूंबरोबरच नाहीसा होईल अशी धास्ती निर्माण झाली, आणि म्हणूनच तो प्रथम ग्रंथबद्ध करण्यात आला. परंपरेनुसार हे कार्य मातले जवळच्या आलोकविहारात झाले.

यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या अभयगिरी विहारात उभे राहून फाहियानने या देशाला कधी अराजक शिवले नाही असे मानले, तो विहार त्याच वट्टगामणी राजाने राज्य परत मिळविल्यानंतर बांधला होता. आणि ग्रंथबद्ध विनयाच्या शोधार्थ तो ज्या देशात आला, त्या देशाने ग्रंथ लिहून ठेवले ते दुष्काळ सोसल्यामुळे. समृद्धीच्या भिंतीआड दडलेले हे दुःख यजमानांनी पाहुण्याला सांगितले नाही, आणि पाहुण्यानेही विचारले नाही.

लाकडाचा आवाज

आता आम्ही या लेखाच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. सिंहलद्वीपास येण्यापूर्वी फाहियान मध्यदेशात फिरला होता. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याचा तो काळ. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याला सुवर्णयुग म्हणून गौरविले आहे. फाहियाननेही तेथील सौम्य राज्यकारभाराची, अहिंसक आहाराची आणि लोकांच्या सुस्थितीची प्रशंसा केली आहे. परंतु त्याच प्रशंसेच्या ओघात तो आणखी एक गोष्ट सांगून जातो. चांडाल गावाबाहेर वेगळे राहतात. ते नगरात वा बाजारात येतात तेव्हा लाकूड वाजवीत येतात, म्हणजे लोकांना कळावे आणि त्यांनी दूर व्हावे.

सुवर्णयुगाच्या बाजारातील तो लाकडाचा आवाज आमच्या वाचकांना अपरिचित वाटणार नाही. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला जाई, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात जगापुढे मांडले. हत्यार बदलले, हेतू तोच राहिला. 'द अनटचेबल्स' या १९४८ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी फाहियानच्या या साक्षीची चिकित्सा केली आहे. ही नोंद एकट्या चांडालांविषयी आहे, म्हणून केवळ तिच्या आधारे सर्वसामान्य अस्पृश्यता सिद्ध झाली असे धरून चालणार नाही, असे त्यांनी बजावले. पुढे इतर पुराव्यांची छाननी करून अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास झाला असावा, या निष्कर्षाप्रत ते आले. आपल्या बाजूचा वाटणारा पुरावासुद्धा तपासल्याविना स्वीकारावयाचा नाही, ही त्यांची शिस्त येथे दिसते.

तीच शिस्त आता आपण पाळली पाहिजे. सिंहलद्वीपाच्या वर्णनात फाहियानने चांडालांचा वा लाकूड वाजविण्याचा उल्लेख केलेला नाही. यावरून बुद्धधम्मीय सिंहलद्वीपात जन्माधारित भेद नव्हता, असे म्हणण्याचा मोह होतो. आमच्या काही लेखकांना तो झालाही आहे. परंतु प्रवाशाने उल्लेख केला नाही म्हणून ती गोष्ट नव्हती, असे होत नाही. ज्याला दुष्काळ कळला नाही, त्याला आणखीही काही कळले नसेल.

फाहियाननंतर शंभरेक वर्षांच्या आत रचला गेलेला 'महावंस' हा सिंहली भिक्खुसंघाचाच इतिहासग्रंथ आहे. अनुराधपूरची उभारणी करणाऱ्या पण्डुकाभय राजाची व्यवस्था वर्णन करताना तो सांगतो की, राजाने नगराचे रस्ते झाडण्यासाठी ५०० चांडाल, गटारे साफ करण्यासाठी २००, प्रेते वाहण्यासाठी १५० आणि स्मशानात पहाऱ्यासाठी १५० चांडाल नेमले, आणि स्मशानाच्या वायव्येस त्यांचे वेगळे गाव वसविले. हा राजा धम्म त्या बेटावर पोहोचण्यापूर्वीचा. परंतु ग्रंथ धम्माच्या भरभराटीच्या काळातील आहे आणि ग्रंथकर्त्याला या व्यवस्थेत काही गैर वाटलेले दिसत नाही.

फाहियानने रस्ते सपाट व नीट राखलेले पाहिले. ते कोण झाडीत होते, हे महावंस सांगतो.

पुढील इतिहास अधिक क्लेशदायक आहे. सिंहलद्वीपात उपसंपदेची परंपरा खंडित झाली असता १७५३ मध्ये सयामहून आलेल्या उपाली थेरांनी ती पुन्हा सुरू केली. परंतु थोड्याच काळात या सयाम निकायाची उपसंपदा गोयिगम या वरिष्ठ मानल्या गेलेल्या जातीपुरती मर्यादित झाली. ज्यांना दार बंद झाले त्यांच्यापैकी सालागम जातीचे ज्ञानविमलतिस्स थेर ब्रह्मदेशात गेले, तेथे उपसंपदा घेऊन परतले आणि १८०३ मध्ये अमरपुर निकायाचा पाया घातला गेला. जातीने अडविलेल्या माणसांनी समुद्र ओलांडून धम्म मिळविला, ही त्या इतिहासातील उजळ बाजू होय.

अपशकुनी भिक्खू

फाहियानच्या परतीच्या प्रवासातील एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. सिंहलद्वीपाहून तो २०० हून अधिक माणसे असलेल्या व्यापारी जहाजातून निघाला. वादळात जहाजाला भोक पडले. व्यापाऱ्यांनी जड माल समुद्रात फेकला. आपले ग्रंथही फेकले जातील या भीतीने फाहियान व्याकूळ झाला. ग्रंथ वाचले. जहाज यवद्वीपास लागले. तेथे पाच महिने थांबून तो दुसऱ्या जहाजात बसला. महिनाभराने पुन्हा वादळ आले. तेव्हा जहाजावरील ब्राह्मणांनी आपसांत विचार करून ठरविले की, हा श्रमण बरोबर असल्यामुळेच आपल्यावर संकट कोसळले; त्याला एखाद्या बेटावर उतरवून द्यावे. फाहियानच्या यजमान व्यापाऱ्याने निक्षून सांगितले की, त्याला उतरवावयाचे असेल तर मलाही उतरवा अथवा ठार करा. न केल्यास चीनला पोहोचताच राजाकडे तक्रार करीन. त्या एका माणसाच्या धैर्यामुळे फाहियान वाचला.

ज्याने मध्यदेशात चांडालांचा लाकडी आवाज ऐकून तो कसलीही टीका न करता नोंदविला, त्याच्यावरच काही वर्षांनी अपशकुनी ठरण्याची पाळी आली. त्याला त्या आवाजाची आठवण झाली की नाही, हे त्याचा वृत्तांत सांगत नाही. आम्हांस मात्र ती होते. इ. स. ४१२ मध्ये त्याचे जहाज चीनच्या किनाऱ्यास लागले. किनाऱ्यावरील ओळखीची पालेभाजी पाहून हीच आपली भूमी, अशी त्याची खात्री पटली.

बाबासाहेबांची नजर

फाहियाननंतर दीड सहस्रक लोटल्यावर, २५ मे १९५० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबोस पोहोचले. कँडी येथे डॉ. मललसेकेर यांच्या पुढाकाराने जागतिक बौद्ध बंधुत्व संघाची पहिली परिषद भरली होती. परिषदेत प्रतिनिधी या नात्याने बोलण्यास बाबासाहेबांनी नकार दिला. बौद्धांचे विधी व समारंभ पाहावेत आणि बुद्धाचा धम्म या देशात कितपत जिवंत आहे हे जाणून घ्यावे, असा आपल्या येण्याचा हेतू त्यांनी सांगितला.

हा हेतू किती नेमका आहे! समारंभ पाहावयाचे, पण समारंभावर थांबावयाचे नाही. त्यामागे जिवंत धम्म आहे की नाही, हे तपासावयाचे. पुढे कोलंबोच्या टाऊन हॉलमधील भाषणात त्यांनी सिलोनमधील अस्पृश्यांना बुद्धधम्म स्वीकारण्याचे आवाहन केले आणि तेथील बौद्धांनी त्यांना आपलेसे करून ममतेने सांभाळावे असे सांगितले. चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या तामिळ मजुरांमध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते, आणि १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांपैकी बहुतेकांना नागरिकत्व नाकारले होते. ज्या बेटावर पाहुण्यांना विहार आणि माड दिसतात, तेथे बाबासाहेबांना ही माणसे दिसली.

दोघांच्या नजरेतील हा फरक दाखविताना फाहियानला कमी लेखण्याचा आमचा उद्देश नाही. त्याने पायी वाळवंट तुडविले नसते, तर पाचव्या शतकातील अनुराधपूरचे इतके प्रत्यक्षदर्शी चित्र आपल्याला मिळाले नसते. आणि मध्यदेशातील तो लाकडाचा आवाजही आपल्यापर्यंत पोहोचला नसता. त्याने जे पाहिले ते निष्ठेने लिहिले. जे पाहिले नाही ते शोधणे, हे त्याच्यामागून येणाऱ्यांचे काम आहे.

फाहियान ज्या विनयासाठी समुद्र ओलांडून गेला, तो विनय राजगृहाच्या पहिल्या संगीतीत कोणी सांगितला? उपालीने. हा उपाली शाक्यांचा न्हावी होता. आपला कुलाभिमान गळून पडावा म्हणून शाक्य राजपुत्रांनी, आमच्याआधी उपालीला प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती तथागतांना केली होती आणि नंतर त्याला वंदन केले होते. संघाच्या नियमांचा पहिला आचार्य न्हावी होता, ही गोष्ट ज्या संघाने लक्षात ठेवली तो संघ धम्माचा. जो विसरला, त्याचे विहार कितीही सोन्याचे असोत, त्यात काहीतरी उणे आहे.

तथागतांनी आपल्या धम्माला 'एहिपस्सिक' म्हटले आहे: या आणि पाहा. श्रीलंकेस जाणाऱ्या आमच्या उपासक-उपासिकांनी अवश्य जावे, महाबोधिवृक्षापुढे नतमस्तक व्हावे, पौर्णिमेच्या शुभ्र वस्त्रांतील माणसे पाहून आनंदित व्हावे. परंतु त्या स्वच्छ रस्त्यावरून चालताना तो झाडला कोणी, हेही एकदा विचारावे. आणि परत आल्यावर आपल्या विहाराच्या अंगणातही तोच प्रश्न विचारावा.